व्हिटबीचा ईस्टर : नवागत मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला वसंत ऋतूतील पहिली मोठी सुट्टी मिळते ती ईस्टरची, आणि इंग्लंडच्या उत्तर भागात राहणारी कुटुंबे त्या सुट्टीत यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी या जुन्या बंदराच्या गावी जाण्याचा बेत हमखास आखतात. पुढील मार्गदर्शन तेथे दीर्घकाळ स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या अनुभवावरून संकलित केले आहे. ते लिहिताना हिंगोली–वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाक्यासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतून परदेशी गेलेली माणसे मुख्यतः नजरेसमोर आहेत, कारण कोकणातल्या मुलाला जे न शिकवता कळते ते मराठवाड्यातील माणसाला समजून घ्यावे लागते.

ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. नाताळाप्रमाणे त्याची तारीख ठरलेली नसते, आणि नवागतांची पहिली चूक नेमकी येथेच होते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा त्याचा नियम आहे. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातून काढली जाते आणि त्यामुळे सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. पंचांग पाहण्याची सवय असलेल्या घराला हा नियम परका वाटू नये. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे चैत्र पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो, तर २०२७ मध्ये तो फाल्गुन पौर्णिमेनंतरच्या रविवारी, २८ मार्चला येतो. हे गणित इंग्लंडमध्ये कसे रुजले याचा इतिहास व्हिटबीतच घडला, ही गोष्ट तेथे जाणाऱ्याने आधीच वाचून जावी. सातव्या शतकात नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्विऊ आयर्लंडकडून आलेल्या परंपरेप्रमाणे ईस्टर पाळी आणि केंटहून आलेली त्याची राणी रोमच्या गणनेप्रमाणे, त्यामुळे एकाच राजवाड्यात राजाचा उपवास सुटून सण सुरू झालेला असताना राणीचा उपवास चालूच असे. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या दिनदर्शिकेत पाहिलेल्या वाचकाला ही अडचण चटकन उमजेल. इ. स. ६६४ मध्ये व्हिटबीच्या मठात भरलेल्या धर्मसभेत राजाने रोमची गणना मान्य केली. मठाची प्रमुख हिल्ड ही स्त्री होती आणि तिने तो मठ ६५७ मध्ये स्थापन केला होता.

ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, ज्याला गुड फ्रायडे म्हणतात, आणि नंतरचा सोमवार हे इंग्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टीचे दिवस असल्याने सलग चार दिवस मोकळे मिळतात, आणि शाळांनाही याच सुमारास सुमारे दोन आठवड्यांची सुट्टी असते. परिणामी जागा लवकर भरतात. जानेवारीत राहण्याची सोय निश्चित करणारी कुटुंबे शहाणी ठरतात, कारण मार्च उजाडेपर्यंत जे उरते ते बहुधा महाग तरी असते किंवा गावापासून दूर तरी. ईस्टरच्या रविवारी २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकाने बंद ठेवण्याचे बंधन १९९४ च्या कायद्याने घातलेले आहे, म्हणून दूध, भाजी आणि लहान बाळाचे सामान शनिवारपर्यंत भरून ठेवावे. डॉक्टरांचे दवाखानेही या दिवसांत बंद असतात, तेव्हा नेहमीची औषधे आठवडाभर आधी मागवावीत आणि तातडीचा पण जिवावर न बेतणारा त्रास झाल्यास आरोग्यसेवेच्या १११ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. घड्याळाचेही एक पथ्य आहे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे केले जाते आणि २०२७ मध्ये तो रविवार ईस्टरचाच आहे, त्यामुळे त्या सकाळी आरक्षित गाडी चुकण्याचा धोका खरा आहे.

व्हिटबीला रेल्वे जाते, पण ती मिडल्सब्रो येथून एस्क नदीच्या खोऱ्यातून वळणे घेत सुमारे दीड तासात पोहोचणारी छोटी गाडी असून तिच्या दिवसभरात मोजक्याच फेऱ्या असतात. अकोला–पूर्णा मार्गावरील लहान स्थानकांची सवय असलेल्याला हे नवे नाही. एक गाडी गेली की पुढचीसाठी किती वेळ बसावे लागते, याचा हिशेब त्याने येथेही करावा. मोठ्या मार्गांवर रूळदुरुस्तीची कामे मुद्दाम ईस्टरच्या सुट्टीत काढली जातात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसांचे सुधारित वेळापत्रक पाहणे आवश्यक आहे. मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाने रेल्वेचे कौटुंबिक सवलतपत्र घेतल्यास मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश आणि मुलांच्या भाड्यात साठ टक्के सूट मिळते. पिकरिंगहून मूरलँड, म्हणजे झाडे नसलेल्या खुरट्या झुडपांच्या माळावरून, वाफेच्या इंजिनाची जतन केलेली गाडीही चालते, पण तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. स्वतःची मोटार असेल तर भारतीय वाहन परवाना ब्रिटनमध्ये वास्तव्यास आल्यापासून १२ महिनेच चालतो हे विसरू नये. गावाच्या अरुंद गल्ल्यांत वाहन नेण्याचा हट्टही धरू नये.

राहण्यासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले लहान घर भाड्याने घेण्याकडे बहुतेक मराठी कुटुंबांचा कल आहे, आणि तो योग्य आहे. अशा घरात फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी, अन्यथा छतावरील धुराची सूचना देणारे यंत्र वाजू लागते. प्रवासासाठी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी हे पदार्थ उत्तम, कारण ते दोन-तीन दिवस टिकतात आणि थंड खाल्ले तरी चालतात. ते बंदरावर उघड्यावर बसून मात्र खाऊ नयेत, कारण तेथील सीगल, म्हणजे मोठे समुद्रपक्षी, हातातला घास झडप घालून नेतात.

बाहेरच्या खाण्याबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे, कारण ती न कळल्यामुळे पुष्कळांना नंतर मनस्ताप झालेला आहे. मैद्याच्या पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी, अर्थात फिश अँड चिप्स, हे व्हिटबीचे प्रसिद्ध अन्न आहे, आणि गुड फ्रायडेला मांस टाळून मासा खाण्याच्या प्रथेमुळे त्या दिवशी दुकानांपुढे लांब रांगा लागतात. परंतु यॉर्कशायरमध्ये हे पदार्थ बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोवंशाच्या वितळवलेल्या चरबीत, तळण्याची जुनी परंपरा आहे. त्यामुळे केवळ बटाट्याच्या फोडी मागितल्या म्हणजे शाकाहार सांभाळला गेला, हा समज चुकीचा आहे, आणि मासा खाणाऱ्या पण गोमांस वर्ज्य मानणाऱ्या घरांनाही हा प्रश्न तितकाच लागू होतो. पदार्थ कशात तळला आहे असे दुकानात सरळ विचारावे. तेथे या प्रश्नाचे कोणाला वाईट वाटत नाही, आणि वनस्पतीजन्य तेल वापरणारी दुकानेही सापडतात.

गावाचे दोन भाग एस्क नदीच्या दोन तीरांवर वसलेले असून पूर्वेकडील टेकडीवर, १९९ पायऱ्या चढून गेल्यावर, सेंट मेरीचे चर्च आणि मठाचे भग्नावशेष आहेत. या पायऱ्यांच्या कडेला शवपेटी टेकवून खांदेकऱ्यांनी विसावा घ्यावा म्हणून केलेल्या जागा आहेत. गावाकडून भेटीला आलेल्या आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना मोटारीने थेट माथ्यावरील वाहनतळापर्यंत न्यावे, पायऱ्यांची परीक्षा त्यांच्याकडून घेऊ नये. आज दिसणाऱ्या उंच कमानी हिल्डच्या काळातील नसून नंतरच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतील आहेत. आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३९ मध्ये मठ बंद झाला आणि डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफमाऱ्यात अवशेषांची आणखी पडझड झाली. बरेच प्रवासी येथे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीमुळे येतात, आणि जेम्स कुक या दर्यावर्दीने याच बंदरात उमेदवारी केली म्हणूनही येतात. मराठी वाचकाने मात्र चर्चच्या आवारातील कॅडमनच्या स्मारकस्तंभापाशी थोडे अधिक थांबावे. कॅडमन हा मठातील गुराखी होता. मेजवानीत गाण्याची पाळी आली की तो संकोचाने उठून जाई, पण पुढे स्वप्नात मिळालेल्या आदेशाने त्याने लॅटिनऐवजी आपल्या लोकभाषेत ईश्वरस्तुती रचली, असे बीड या इतिहासकाराने आठव्या शतकात लिहून ठेवले आहे. नाव ज्ञात असलेला तो पहिला इंग्रजी कवी मानला जातो. ज्यांच्या जिल्ह्यात नरसी नामदेव आहे, त्यांना या गुराख्याची थोरवी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

किनाऱ्यावरील खडकांत अ‍ॅमोनाइट सापडतात. अ‍ॅमोनाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, चक्राकार कवच असलेल्या सागरी जीवाचे अश्मीभूत अवशेष. हिल्डने सापांचे दगड केले अशी स्थानिक दंतकथा त्यांवरून निर्माण झाली आणि गावाच्या मानचिन्हातही ते आले. देवघरातील शाळिग्राम ज्या गंडकी नदीतून येतो, तेथील चक्रांकित शिळाही अशाच जीवांचे अवशेष आहेत, हे मुलांना तेथे जाण्यापूर्वी सांगावे. देवघरातली वस्तू आणि परक्या किनाऱ्यावरचा दगड यांचे नाते कळले की मुले पुढचे प्रश्न स्वतःच विचारतात.

परंतु हे दगड शोधण्याच्या नादातच खरा धोका आहे. समुद्राचे पाणी सुमारे सहा तास चढते आणि सहा तास उतरते. चढणे ती भरती, उतरणे ती ओहोटी, आणि त्यांची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास ते सर्वात कमी चढते, त्याला कोकणात भांग म्हणतात. ईस्टर पौर्णिमेच्या मागोमाग येत असल्याने या सुट्टीत पुष्कळदा उधाण असते. २०२६ चा ईस्टर पौर्णिमेनंतर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे उधाणात, आणि २०२७ चा सहाव्या दिवशी, म्हणजे भांगाकडे झुकलेला आहे. व्हिटबीत उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटीच्या पातळ्यांतील फरक साडेचार मीटरांच्या आसपास, म्हणजे विहिरीच्या मापाने सुमारे अडीच परस असतो. पूर्वेकडील सॉल्टविकच्या बाजूला उंच कड्यांच्या पायथ्याने चालत गेलेल्या माणसामागे हे पाणी खडकाला येऊन भिडते आणि परतीची वाट बंद होते, शिवाय कडे ठिसूळ असून त्यांतून दरडी कोसळतात. म्हणून त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक घरातून निघतानाच लिहून घ्यावे, ओहोटी लागलेली असतानाच कड्याखाली जावे आणि पाणी पुन्हा चढू लागण्याआधी परतावे. ज्यांना एवढा हिशेब नको त्यांच्यासाठी पश्चिमेकडील सँड्सएंडपर्यंतची वाळूची चौपाटी अधिक बरी आहे, पण भरतीची वेळ तेथेही पाहूनच चालावे.

एप्रिलमध्ये येथील समुद्राचे तापमान सात-आठ अंश सेल्सियस असते. येलदरीच्या जलाशयात किंवा विहिरीत पोहायला शिकलेला तरुणही या पाण्यात उतरताच थंडीच्या धक्क्याने श्वास आवरू शकत नाही आणि हातपाय चालेनासे होतात, म्हणून पोहता येते या भरवशावर कोणीही पाण्यात जाऊ नये. कोणी अडकलेले किंवा वाहून जात असलेले दिसले तर त्यामागे उडी न घालता ९९९ हा क्रमांक फिरवून ‘कोस्टगार्ड’ मागावे. हा दूरध्वनी विनामूल्य आहे, आणि घरातील मोठ्या मुलांनाही तो पाठ असावा.