परवान्याचें पीक आणि पेठेचा भाव

अमेरिका व कॅनडा या देशांत गांजाची लागवड व विक्री मोकळी झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत असतात. त्या वाचून आपल्यांतील कांहीं बागाईतदार असें विचारतात कीं, तिकडील शेतकऱ्यांस ज्या पिकानें एवढा पैसा दिला, तें आपल्याकडे मोकळें झालें तर काय वाईट? या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला कायद्याचा. आपल्या देशांत १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यावांचून गांजाचें झाड लावणें हा गुन्हा ठरविला असून, त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. तेव्हां कोणास तें पीक सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं, व व्यसनाच्या इष्टानिष्टतेचा वादहि येथें करावयाचा नाहीं. दुसरा भाग जमाखर्चाचा आहे, आणि तो प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखा आहे. तिकडे खरोखर सोनें पिकलें काय? उत्तर असें कीं, थोड्यांस थोडे दिवस पिकलें, आणि पुष्कळांच्या पदरीं कर्ज आलें. पीक उत्तम, गिऱ्हाईक तयार व सरकारची परवानगी हातांत असतां धंदा कां बसावा, हें क्रमानें पाहूं.

१. भावांत कशाचा अंश होता?

कोलोरॅडो व वॉशिंग्टन या दोन राज्यांतील मतदारांनीं नोव्हेंबर २०१२ मध्यें प्रौढांस मौजेखातर गांजा घेण्याची मोकळीक दिली, आणि कोलोरॅडोंत १ जानेवारी २०१४ पासून उघड दुकानें सुरू झालीं. बंदीच्या काळांत या मालास जो भाव मिळे, त्यांत बीं, खत, पाणी व मजुरी यांचा अंश थोडा आणि तुरुंगाच्या जोखमीचा मोबदला मोठा होता. जोखीम गेली म्हणजे तिचा मोबदलाहि जावयाचाच. परंतु परवाना घेणाऱ्या पुष्कळांनीं जुना भाव धरूनच नवा हिशेब मांडला. खर्च मात्र नवे आले : परवान्याची फी, शेताभोवतीं कुंपण व पहारा, प्रत्येक झाडास क्रमांकाची चिठ्ठी लावून त्याची सरकारदरबारीं नोंद, आणि विक्रीपूर्वीं मालाची प्रयोगशाळेंत तपासणी.

२०२० सालच्या साथींत लोक घरीं बसले, खप वाढला व भावहि चढा राहिला. २०२१ च्या आरंभीं कोलोरॅडोंत घाऊक भाव पौंडास, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅमांस, १,७०० डॉलरांच्या वर होता. पेठेंत माल वाढत गेला, पुढें खप ओसरला, आणि २०२२ च्या अखेरीस तोच भाव ७०० डॉलरांच्या आंत आला. राज्यांतील एकूण विक्री २०२१ मध्यें सुमारें २२० कोटी डॉलर होती, ती २०२३ मध्यें सुमारें १५३ कोटींवर उतरली. कांद्यास एका वर्षीं भाव आला म्हणजे पुढील हंगामांत जें होतें, तेंच येथें झालें.

२. बांध घातलेली पेठ

कांद्यास निदान परमुलूख असतो. या पिकास तोहि नव्हता. राज्यांनीं मोकळीक दिली तरी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा बंदीचा कायदा उठला नव्हता. म्हणून एका राज्यांतील माल दुसऱ्या राज्यांत नेणें हा गुन्हाच राहिला. जेथें पिकलें तेथेंच खपलें पाहिजे, अशी ही स्थिति होती.

ओरेगन राज्यानें २०१४ च्या मतदानानंतर परवान्यांच्या संख्येस मर्यादा घातली नाहीं. हवापाणी अनुकूल आणि जाणते लागवडदार पुष्कळ, तेव्हां परवाने भराभर निघाले. तेथील नियामक मंडळाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणें राज्यांत साडेसहा वर्षें पुरेल इतका माल सांठून होता, आणि किरकोळ भाव दोन वर्षांच्या अवधींत ग्रॅमास १० डॉलरांवरून ५ डॉलरांच्या आंत आला होता. त्याच वर्षीं परराज्यांत माल पाठविण्याचा कायदा ओरेगननें करून ठेवला. पण मध्यवर्ती सरकारच्या संमतीवांचून त्याचा अंमल होणार नव्हता. नवे परवाने थांबविण्याचाहि कायदा झाला. परंतु कोठार तुडुंब भरल्यावर दार लावून जुन्या मालास भाव येत नाहीं.

३. लहान शेतकऱ्यास दिलेलें वचन

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस हंबोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी या डोंगराळ जिल्ह्यांत लहान लहान लागवडदार पिढ्यान्‌पिढ्या हें पीक लपून घेत असत. २०१६ च्या मतदानानें तेथें मोकळीक झाली व १ जानेवारी २०१८ पासून विक्री सुरू झाली. एक एकराहून मोठ्या शेतास पहिलीं पांच वर्षें परवाना देऊं नये, म्हणजे लहान शेतकरी पाय रोवून उभा राहील, अशी त्या कायद्याची योजना होती. परंतु नियम बनले तेव्हां १०,००० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचे, लहान परवाने एकाच मालकानें किती घ्यावे यास मर्यादा राहिली नाहीं. भांडवलवाल्यांनीं असे परवाने एकाशेजारीं एक जोडून मोठीं शेतें उभीं केलीं. आपल्याकडे कमाल जमीनधारणेच्या कायद्यांतून सुटण्यासाठीं एकाच्या जमिनीचे कागदोपत्रीं अनेक तुकडे झाले. तिकडे अनेक तुकडे जोडून एकाची जमीन झाली. कागद दोन्हींकडे निर्दोष होता.

शिवाय दुकान उघडूं द्यावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार स्थानिक मंडळांस होता, आणि निम्म्याहून अधिक शहरांनीं व जिल्ह्यांनीं तें उघडूं दिलें नाहीं. लागवडी हजारों आणि विकण्याच्या जागा मोजक्या. बेकायदा विक्रेता मात्र सर्वत्र होताच. त्यास कर नाहीं, तपासणी नाहीं, परवाना नाहीं. म्हणून त्याचा माल स्वस्त, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलेलें.

४. कर वजनावर कीं किंमतीवर?

ज्याचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, त्यास हा भाग विशेष बोधप्रद वाटेल. कॅलिफोर्निया सरकारनें लागवडीवर वजनाप्रमाणें कर बसविला. सुक्या फुलांच्या प्रत्येक औंसास प्रथम ९.२५ डॉलर असलेला हा दर वाढत २०२२ मध्यें १०.०८ डॉलर झाला. पौंडाचे औंस सोळा. म्हणजे पौंडास सुमारें १६१ डॉलर. आतां पौंडाचा भाव १,२०० डॉलर धरला तर हा कर शेंकडा तेरांच्या आसपास पडतो. भाव ४०० डॉलरांवर आला तर तोच कर शेंकडा चाळीस होतो. सरकारनें दर न वाढवितां शेतकऱ्यावरील भार तिप्पट झाला ! शेवटीं १ जुलै २०२२ पासून हा कर रद्द करावा लागला. परंतु तोंपर्यंत पुष्कळांनीं शेतें सोडलीं होतीं.

हंबोल्ट जिल्ह्याचा स्वतःचा कर आपल्या शेतसाऱ्यासारखा क्षेत्रावर होता. उघड्यावरील लागवडीस चौरस फुटास १ डॉलर, म्हणजे नऊ गुंठ्यांस वर्षाचे सुमारें १०,००० डॉलर. भाव कोसळल्यावर २०२२ मध्यें जिल्हा मंडळास त्यांत शेंकडा ८५ सूट द्यावी लागली.

आपल्याकडे पीक बुडालें असतां आणेवारी, आतांची पैसेवारी, काढून सारा तहकूब करण्याची रीत आहे. ती चांगली आहे. परंतु आणेवारी पिकाची निघते, भावाची निघत नाहीं. ज्या वर्षीं पीक सोळा आणे व भाव चार आणे, त्या वर्षींचें शेतकऱ्याचें दुःख दप्तराच्या कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

५. दुकानदार बुडाला म्हणजे

प्राप्तिकराच्या कायद्यांत १९८२ सालीं अमेरिकेनें असें एक कलम घातलें कीं, बंदी असलेल्या मादक द्रव्यांच्या व्यापाऱ्यास मालाची मूळ किंमत वजा मिळेल, पण दुकानाचें भाडें, नोकरांचे पगार इत्यादि खर्च वजा मिळणार नाहींत. चोरट्या व्यापाऱ्यांसाठीं केलेलें हें कलम परवानेवाल्या दुकानदारांसहि लागूं झालें. एक उदाहरण घेऊं. विक्री १०० डॉलर, मालाची किंमत ६०, भाडें व पगार ३०. खरा नफा १०. शेंकडा २१ दरानें इतर व्यापारी कंपनीस कर २.१० पडेल. या दुकानास ४० वर कर, म्हणजे ८.४० ! दहांतून एक रुपया साठ पैसे राहावे, तसा हा प्रकार.

दुकानदाराचें नुकसान तेथेंच थांबलें नाहीं. बहुतेक मोठ्या बँका मध्यवर्ती कायद्याच्या भीतीनें या धंद्यास कर्ज देईनात. मग दुकानदारानें उधारी थकविली, वितरकानें शेतकऱ्याचें बिल अडविलें, आणि साखळीचें शेवटचें टोंक जो शेतकरी, त्याच्या हातीं केवळ येणें राहिलें. मेडमेन ही दुकानांची नामांकित कंपनी एके काळीं १०० कोटी डॉलरांहून अधिक किंमतीची समजली जाई. ती २०२४ मध्यें दिवाळ्यांत निघाली.

६. कॅनडाचा दाखला

कोणी म्हणेल, हा सर्व दोष दुटप्पी कायद्याचा आहे. देशभर एकच कायदा असता तर असें झालें नसतें. कॅनडानें १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर मोकळीक दिली. तेथें बँका होत्या, भागभांडवल होतें. कॅनोपी ग्रोथ या एका कंपनींत अमेरिकेंतील एका मद्य कंपनीनें २०१८ मध्यें सुमारें ४०० कोटी डॉलर घातले. तरीहि मार्च २०२० मध्यें त्या कंपनीनें ब्रिटिश कोलंबियांतील सुमारें ३० लक्ष चौरस फुटांचीं कांचगृहें बंद केलीं, आणि २०२३ मध्यें आपला मुख्य कारखानाहि सोडला. खप किती होईल याचा अंदाज भागधारकांच्या उत्साहावरून केला होता, गिऱ्हाइकांच्या गरजेवरून नव्हे. २०२१ या एका वर्षांत देशांतील उत्पादकांनीं न खपलेला चारशें टनांहून अधिक माल नष्ट केला. करहि तेथें ग्रॅमास १ डॉलर किंवा किंमतीच्या शेंकडा १०, यांपैकीं जो अधिक तो. भाव १० डॉलर असतां हा कर शेंकडा दहा. भाव ३ डॉलर झाला कीं शेंकडा तेहेतीस.

७. आपल्याकडील एक जुना धडा

हें पीक परवान्यानें घेण्याचा अनुभव हिंदुस्थानास नवा नाहीं. १८९३-९४ च्या सरकारी कमिशननें या विषयाची देशभर चौकशी केली, त्या काळीं आपल्या अहमदनगर जिल्ह्यांतहि हें पीक उघड होत असे. परंतु धडा घ्यावयाचा तो बंगालमधील नौगांवचा. हें ठिकाण आतां बांगलादेशांत आहे. तेथें ठराविक टापूंतच लागवड होई, परवाने सरकार देई, व माल सरकारी गोदामांत जमा होऊन कर भरल्यावरच बाहेर पडे. तरीहि मधल्या व्यापाऱ्यांपुढें एकटा शेतकरी दुबळाच होता. १९१७ मध्यें लागवडदारांनीं आपली सहकारी सोसायटी काढली व सर्वांचा माल तिच्यामार्फत विकूं लागले. त्या उत्पन्नांतून शाळा व दवाखाने उभे राहिले. पुढें १९८० नंतरच्या दशकांत तेथें बंदी आली व तें पीक संपलें. या व्यवस्थेंत सरकारच्या तिजोरीचा स्वार्थ होताच. पण लागवड खपाच्या मापानें आणि विक्री सर्वांच्या जुटीनें, या दोन गोष्टी तेथें होत्या व कॅलिफोर्नियांत नव्हत्या.

तात्पर्य

पीक गांजाचें असो, कोरफडीचें असो, कीं उद्यां निघणाऱ्या आणखी एखाद्या नव्या झाडाचें असो. रोपें विकणारा दारांत येईल तेव्हां शेतकरी बंधूंनीं चार प्रश्न विचारावे. आजच्या भावांत टंचाईचा अंश किती आहे, व ती टंचाई किती वर्षें टिकेल? माल कोणत्या हद्दीपर्यंत जाऊं शकतो, व त्याच हद्दींत आणखी किती जण हेंच पीक लावीत आहेत? कर व फी भावाबरोबर उतरतात, कीं भाव पडला तरी जागच्या जागीं राहतात? आणि माल घेणारा पैसे रोख देणार कीं उधारीवर, व उधारी बुडाली तर कोणाच्या दारीं जावयाचें?

या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून घेतल्यावांचून जमिनींत बीं टाकूं नये. आणि तीं उत्तरें एकट्यानें शोधण्यापेक्षां सोसायटीच्या सभेंत दहा जणांनीं मिळून शोधावीं. कारण सरकार परवाना देऊं शकतें, परंतु गिऱ्हाईक व भाव परवान्यानें मिळत नाहींत.