दूरध्वनी केंद्रे आणि ती चालविणारे हात

सकाळी ट्रंक कॉल नोंदवून दुपारपर्यंत पोस्टाच्या ओट्यावर वाट पाहणारी पिढी अजून आपल्यात आहे. लाइन न मिळण्याचा दोष त्या काळी यंत्राला दिला जाई. खरे कारण पुष्कळदा निराळे असे: यंत्र परदेशातून येई, पण त्याची विद्या त्याच्याबरोबर पुरती येत नसे.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना उभा राहिला आणि ब्रिटिश सहकार्याने स्ट्राउजर पद्धतीची स्वयंचलित केंद्रे देशात बनू लागली. या पद्धतीचा एक मोठा गुण होता. ग्राहकाने आकडा फिरविला की यंत्राचा दांडा डोळ्यांदेखत वर चढे आणि फिरे. बिघाड दिसे, ऐकूही येई. त्यामुळे शालान्त परीक्षा झालेला होतकरू मेकॅनिक वर्षा-दोन वर्षांत अनुभवी हाताखाली तयार होत असे. जबलपूर येथे 1942 पासून चालत आलेल्या प्रशिक्षण केंद्राने अशा कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या.

खरी परीक्षा झाली ती क्रॉसबार पद्धतीच्या वेळी. 1964 मध्ये बेल्जियममधील कंपनीशी करार होऊन पेंटाकोंटा जातीची केंद्रे आली. या पद्धतीत कॉल जोडण्याचे काम प्रत्येक लाइनचे स्वतंत्र यंत्र करीत नाही. मोजकी सामाईक नियंत्रक यंत्रे सर्वांसाठी ते करतात. युरोपात एका कुटुंबाचा एक फोन, दिवसाकाठी थोडेसे कॉल, या हिशेबाने तिची रचना झालेली. आपल्या शहरांत मात्र एका फोनवर सारी चाळ बोलत होती. कॉल लागला नाही की माणूस पुन्हा पुन्हा आकडा फिरवी; त्या निष्फळ प्रयत्नांचाही बोजा त्याच सामाईक यंत्रांवर पडे. भरीस धूळ आणि दमट हवा. केंद्रे गुदमरू लागली. जुन्या मेकॅनिकची नजरही येथे उपयोगी पडेना, कारण नियंत्रकातला एक दोष शेकडो कॉल बिघडवी आणि तो आकृत्या वाचून, तर्काने शोधावा लागे. पुढे आपल्याच अभियंत्यांनी इंडियन क्रॉसबार प्रकल्पाद्वारे या रचनेत आपल्या वाहतुकीस मानवतील असे बदल केले. आराखड्याची नक्कल मिळणे म्हणजे तंत्रज्ञान मिळणे नव्हे, हे देशाने येथे बऱ्यापैकी किंमत मोजून शिकून घेतले. माझ्या मते आपल्या दूरसंचाराच्या इतिहासातील हा सर्वांत उपयुक्त धडा होय, आणि सर्वांत कमी सांगितला जाणाराही.

1975 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या साहाय्याने गाझियाबाद येथे प्रगत प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, त्यामागे हीच जाणीव दिसते. 1982 मध्ये फ्रेंच कंपनीशी ई-10बी या अंकीय केंद्राचा करार झाला आणि उत्तर प्रदेशात गोंडा जिल्ह्यातील मनकापूर येथे वर्षाला पाच लाख लाइनींच्या क्षमतेचा कारखाना उभारण्यात आला. अंकीय केंद्रात हलणारा दांडा नाही. आहे तो संगणकीय आज्ञावलीचा संच आणि कार्डांची मांडणी. बिघडलेले कार्ड काढून दुसरे बसवावयाचे, हे काम वरवर सोपे. पण कोणते कार्ड, हे सांगणारा संदेश वाचता आला पाहिजे! तेलाची पिचकारी आणि कानस घेऊन उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला पन्नाशीत कळफलकापुढे बसविणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हती. त्याची प्रतिष्ठाही तेथे पणास लागलेली असे.

दुसरी वाट 1984 मध्ये सी-डॉट या संस्थेच्या स्थापनेने धरली गेली. तिने 128 जोडण्यांचे ग्रामीण केंद्र बनविले. 1986 मध्ये आपल्या सीमेलगतच्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे ते सुरू झाले. वातानुकूलित खोलीवाचून, खेड्यातील उन्हाळ्यात चालेल असे ते मुद्दाम रचलेले होते. विशेष म्हणजे ही रचना एकाच कारखान्यापाशी राहिली नाही. ती अनेक सरकारी व खाजगी उत्पादकांना देण्यात आली. हस्तांतरण येथे देशातल्या देशात झाले. प्रश्न विचारावयाचा तर उत्तर देणारा अभियंता रेल्वेच्या प्रवासाइतक्या अंतरावर होता.

ती केंद्रे आता मागे पडली. भारतनेट योजनेतून प्रकाशतंतूची तार ग्रामपंचायतींच्या कार्यालयांपर्यंत नेण्यात आली आहे. ज्या पंचायतीत ती पोहोचली आहे, तेथील सदस्यांनी मासिक सभेत तीन गोष्टी नोंदवून घ्याव्यात: पेटीवरील दिव्यांचा अर्थ गावात कोणास कळतो, वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते, आणि तार तुटल्यास जोडणारा प्रशिक्षित माणूस कोणत्या गावाहून येतो. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकास या कामी सोबत घेतल्यास पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आठवड्याभरात मिळेल.