माहेरी आलेली लेक आणि तिचा पोषण आहार

गरोदर स्त्री व प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंतची स्तनदा माता यांना अंगणवाडीमार्फत पूरक आहार देणे, हे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये शासनाचे कर्तव्य ठरले. प्रमाणही निश्चित आहे : मातेस दररोज ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिने. तरीही आमच्या प्रसूतिपूर्व तपासणीस येणाऱ्या अनेक भगिनींपर्यंत तो पोहोचत नव्हता. त्यांना आहाराचे महत्त्व कळत नसावे, अशा समजुतीने आम्ही तक्ते लावले, व्याख्याने ठेवली. उपयोग झाला नाही.

आठव्या महिन्यातील, रक्त कमी असलेल्या एका मुलीस आमच्या समाजसेविकेने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आहार येतो की ताई, पण सासरी!"

पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या महिन्यात माहेरी येते. नाव मात्र सासरच्या अंगणवाडीत राहते. पूर्वी निदान सासूबाई शिधा आणीत, मग तो घरात सर्वांत वाटला जाई. २०२५ पासून घरपोच शिध्यासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी आवश्यक झाल्याने तेही अवघड झाले. माहेरच्या सेविकेच्या यादीत तर तिचे नावच नसते. हिशेबाच्या परिभाषेत बोलायचे, तर रक्कम एका खात्यात अडकली आणि दुसऱ्यात जमा झालीच नाही. आमची सारी हयात जमाखर्चात गेली, पण हे ध्यानात यावयास एका मुलीचे उत्तर लागले.

२०२१ साली सुरू झालेल्या पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थीचे नाव दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करण्याची सोय आहे. परंतु कोणी तरी तशी मागणी करावी लागते. आमच्या केसपेपरवर पत्त्याचा एकच रकाना होता आणि तो नमुना आम्हीच मंजूर केला होता. आता तेथे 'सध्याचा मुक्काम' व 'नाव कोणत्या अंगणवाडीत' असे दोन रकाने वाढविले आहेत. समाजसेविका त्याच दिवशी दोन्हीकडच्या सेविकांना दूरध्वनी करते. मुलगी बाळासह सासरी परतताना हाच उपचार उलट दिशेने करावा लागतो. तो प्रारंभी आमच्याकडून राहून जात असे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५,००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. आधारपत्रावर माहेरचे आडनाव व केसपेपरवर सासरचे, ही तफावतही आता पहिल्याच भेटीत पाहिली जाते.

ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हंगामात त्यांचा मुक्काम वारंवार हलतो. त्यांची नोंद कारखान्याच्या परिसरात कशी व्हावी, याबाबत संबंधित कार्यालयाशी पत्रव्यवहार चालू आहे.