विवेकाची पारख : ऑनलाइन चाचणी कशी असावी?

बुद्धिमत्ता आणि विवेक या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु परीक्षेत उत्तम गुण मिळविलेली व्यक्तीही पैसे दुप्पट करून देणाऱ्या भामट्याच्या नादी लागते, हा अनुभव गावोगावी येतो. बुद्धी ही विचार करण्याची क्षमता होय. हाती आलेला पुरावा तपासून आणि उतावीळपणा आवरून ती क्षमता वापरण्याची सवय म्हणजे विवेक. ही सवय मोजता येईल काय, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे कीथ स्टॅनोविच यांनी रिचर्ड वेस्ट व मॅगी टोपलॅक यांच्यासह २०१६ मध्ये २० उपचाचण्यांची एक सर्वंकष चाचणी ग्रंथरूपाने मांडली. अशी चाचणी ऑनलाइन घ्यावयाची झाल्यास तिची रचना कशी असावी, हे येथे पाहू.

प्रश्नांची निवड

पहिला प्रकार उतावीळ उत्तराला आवर घालण्याचा. वही व पेन मिळून ११० रुपये होतात; वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग आहे; तर पेनाची किंमत किती? ओठावर तत्काळ ‘१० रुपये’ येते. परंतु तसे असेल तर वही ११० रुपयांची होईल आणि बेरीज १२० भरेल. बरोबर उत्तर ५ रुपये. अमेरिकेतील शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये अशा तीन प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. ती ३,४२८ जणांनी सोडविली. त्यांत बहुसंख्य महाविद्यालयीन विद्यार्थी होते; तरी तिन्ही उत्तरे अचूक देणारे १७ टक्केच निघाले आणि ३३ टक्के लोकांचे एकही उत्तर बरोबर आले नाही.

दुसरा प्रकार पुरावा तोलण्याचा. समजा, पाणाड्याने दाखविलेल्या ३० जागी विंधन विहिरी घेतल्या व २१ ठिकाणी पाणी लागले. त्याचा सल्ला उपयुक्त ठरला काय? अनेक जण ‘होय’ म्हणतील. परंतु त्याच परिसरात त्याला न विचारता घेतलेल्या २० विहिरींपैकी १४ ठिकाणी पाणी लागले असेल, तर दोन्हीकडे प्रमाण ७० टक्केच आहे. म्हणजे या आकड्यांवरून सल्ल्याचा लाभ दिसत नाही. दुसरी बाजू मागण्याची सवय उमेदवारास आहे किंवा नाही, हे असा प्रश्न दाखवितो.

येथे एक पथ्य पाळावे. ‘आपला भानामतीवर विश्वास आहे काय?’ असे थेट विचारू नये. उत्तर देणारा आपले मत न सांगता अपेक्षित उत्तर देतो. चाचणीने श्रद्धा विचारू नये, विचार करण्याची रीत पाहावी.

ऑनलाइन माध्यमाचे गुणदोष

संगणकामुळे प्रत्येकास प्रश्न निराळ्या क्रमाने देता येतात, एकाच प्रश्नाची दोन रूपे दोन गटांत वाटता येतात आणि उत्तरास लागलेला वेळ नोंदविता येतो. मात्र गाजलेले प्रश्न व त्यांची उत्तरे इंटरनेटवर सहज सापडतात. शिवाय आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ती क्षणात सोडवून देतात. म्हणून प्रश्नांचा मोठा साठा करून आकडे व प्रसंग वरचेवर बदलावेत, आणि ‘हा प्रश्न आपण पूर्वी पाहिला होता काय?’ असेही विचारावे. संथ नेटवर्कमुळे लागलेला विलंब विचारात गेलेला वेळ समजला जाऊ नये, म्हणून वेळेवर गुण देऊ नयेत. प्रश्न मोबाइलच्या लहान पडद्यावर एका दृष्टिक्षेपात वाचता यावेत.

भाषेचाही विचार हवा. परकीय प्रश्नाचे शब्दशः भाषांतर केले, तर विवेकाऐवजी वाचनक्षमतेचीच परीक्षा होते. त्यासाठी प्रथम लहान गटावर पूर्वचाचणी घ्यावी आणि प्रश्नाचा अर्थ काय समजला, ते प्रत्यक्ष विचारावे. एकंदर चांगले गुण मिळविणारेच एखाद्या प्रश्नात सातत्याने चुकत असतील, तर दोष बहुधा त्या प्रश्नातच असतो. काही आठवड्यांनी तशाच दुसऱ्या संचाचे गुण पहिल्याशी ताडून पाहिल्यास चाचणीची विश्वसनीयता कळते.

गुणांचा उपयोग

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या ५१-क या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन व चिकित्सक वृत्ती यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. या दृष्टीने चाचणीचे मोल आहे. परंतु तिच्या गुणांवरून विद्यार्थ्यांची प्रतवारी किंवा कर्मचाऱ्यांची निवड करणे योग्य होणार नाही. काही मिनिटांच्या उत्तरांवरून कोणासही ‘अविवेकी’ ठरविणे, हीच पुराव्यावाचून काढलेल्या निष्कर्षाची चूक होय.

उलट, प्रत्येक उत्तरानंतर ते का चुकले, हे पडद्यावर सोप्या भाषेत समजावून दिले, तर चाचणी हाच एक पाठ होईल. शिक्षकांनी तो वर्गात घ्यावा, पंचायत सदस्यांनी विहिरीची जागा ठरविण्यापूर्वी आठवावा. ‘न विचारता घेतलेल्या विहिरींचे काय झाले?’ असा प्रश्न ग्रामसभेत एकाने जरी विचारला, तरी चाचणीचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.