भरती पाहून डुमस

म्हसावद, ता. शहादा

चि. भाच्यास,

म्हसावदला सर्वांत जवळचा समुद्र महाराष्ट्राचा नाही, गुजरातचा आहे. सुरतेपुढे खंभातच्या आखाताला लागून डुमसचा किनारा आहे. शहादा, प्रकाशा, नंदुरबार, नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली या रस्त्याने तो दोनशेहून अधिक किलोमीटर पडतो. पहाटे निघून रात्री परतता येते, पण दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो आणि किनाऱ्यासाठी चार-पाच तास उरतात. ते सत्कारणी लागणार की नाही, हे गाडीवर किंवा हॉटेलवर ठरत नाही. ते भरती-ओहोटीवर ठरते. म्हणून आधी पंचांग उघडावे, रजेचा अर्ज मग करावा.

खंभातचे आखात नरसाळ्यासारखे उत्तरेकडे निमुळते होत जाते. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते वर चढते. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. सुरतेच्या किनाऱ्यावर तो पाच-सहा मीटरपर्यंत जातो आणि भावनगरकडे त्याहूनही बराच वाढतो. उधाण अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी चढतेही कमी आणि उतरतेही कमी. चढण्याचा वेगही एकसारखा नसतो. भरतीच्या साधारण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढते. शिवाय ते सरळ समोरून येईलच असे नाही. आधी गाळातले चर भरतात, आणि ओहोटीत पुढे चालत गेलेल्या माणसाच्या पाठीमागे पाणी उभे राहते.

कुटुंब घेऊन जाणाऱ्याने म्हणून भांगाचा दिवस निवडावा आणि भरती पूर्ण होऊन थोडा वेळ गेला असताना किनारा गाठावा. तेव्हा पाणी जवळ असते आणि ओसरू लागलेले असते, त्यामुळे ते पाहण्यासाठी कोणाला गाळ तुडवावा लागत नाही. मुंबईच्या वेळा इथे चालत नाहीत, कारण आखातात भरती उशिरा पोचते. सुरत-हजिऱ्याचा भरतीचा तक्ताच पाहावा, आणि तोही त्याच तारखेचा. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शेजाऱ्याने मागच्या रविवारी सांगितलेली वेळ निरुपयोगी ठरते.

डुमसला पोहू नये. पाणी गढूळ असते, पायाखालचे दिसत नाही आणि ओसरणारे पाणी बाहेर ओढते. मुलांना घोटाभर पाण्यापुढे सोडू नये, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम एकाच मोठ्या माणसाकडे नाव घेऊन सोपवावे. सगळ्यांचे लक्ष आहे म्हणजे कोणाचेच नसते. गाडी वाळूवर मुळीच उतरवू नये. वरची वाळू घट्ट दिसली तरी खाली गाळ असतो. महागडी गाडी रुतली की ती काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि भरती ट्रॅक्टरसाठी थांबत नाही.

कोकणातली पांढरी पुळण मनात धरून जाणारा डुमसला हिरमुसतो. इथली वाळू काळी आहे. ती स्मशानाच्या राखेने काळी झाली, अशा भुताखेतांच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. खरे कारण दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे. त्या खडकाचा चुरा तापीने युगानुयुगे समुद्रात नेला. प्रकाशाला गोमाई नदी तापीला मिळते, म्हणजे शहाद्याकडची मातीही त्यात आलीच. आता बराचसा गाळ वाटेत उकाई धरणात अडतो. मुलांसाठी एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावा. कोरड्या वाळूतून तो फिरवला की लोहयुक्त काळे कण पिशवीला केसांसारखे उभे चिकटतात. चुंबक पिशवीतून काढला की गळून पडतात. या खेळात अर्धा तास सहज जातो.

जेवणाला दशम्या आणि लसणाची चटणी घरूनच न्यावी. पाणीही पुरेसे न्यावे. डुमसची टोमॅटोची भजी मात्र तिथेच, कढईतून निघाल्याबरोबर खावीत. म्हाताऱ्या माणसांना नंदुरबारहून सुरतेपर्यंत रेल्वेने नेणे बरे. डुमसला दर्या गणेशाच्या देवळात दर्शनही होते. दांडी त्याच दिवशी जोडू नये. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी जिथे मीठ उचलले, त्या जागेला आणि तिथल्या स्मारकाला स्वतंत्र दिवस द्यावा.

कार्तिक ते माघ हा काळ चांगला. पावसाळ्यात हा बेत करूच नये. सुट्टी नेमकी अमावास्येला आली आणि दुसरा दिवस मिळणार नसेल, तर डुमस पुढे ढकलून राणीपूरमार्गे तोरणमाळला जावे. तिथला यशवंत तलावही पाहून होतो आणि संध्याकाळी सगळे घरी असतात.



तुझा मामा