वाघावरचा निबंध आणि उंदरावरचा निबंध: सस्तन प्राण्यांच्या संशोधनात करिअर करताना आकडे कसे वाचावेत

बारावीला जीवशास्त्र घेतलेला विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशाची वाट सोडून वन्यजीवांच्या अभ्यासाकडे वळू पाहतो, तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न नोकरीचा असतो आणि तो रास्तच आहे. परंतु अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे, तो म्हणजे या विषयातील संशोधनाला जगात वजन किती. हे वजन जोखण्यासाठी इंटरनेटवर चटकन सापडणारा आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमॉलॉजिस्ट्स या संस्थेचे १९१९ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’ हे सस्तन प्राण्यांच्या अभ्यासातील मानाचे नियतकालिक असले, तरी त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर साधारण दीड-दोनच्या आसपास असतो. उलट कर्करोगावरील ‘सीए’ या वैद्यकीय नियतकालिकाचा आकडा दोनशेच्याही पुढे जातो. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पालकांच्या पोटात गोळा येतो आणि मुलाने निवडलेले क्षेत्रच दुय्यम आहे असे ठरवून घरातली चर्चा संपते. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे कळल्याशिवाय या क्षेत्रात शिरणाऱ्याला विषय, मार्गदर्शक वा संस्था यांपैकी काहीच नीट निवडता येत नाही.

एखाद्या शोधनिबंधाने आपल्या संदर्भसूचीत दुसऱ्या निबंधाचा उल्लेख केला की त्याला सायटेशन, म्हणजे संदर्भोल्लेख, म्हणतात. अशा उल्लेखांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’च्या रूपाने ती प्रत्यक्षात आणली. इम्पॅक्ट फॅक्टर हे त्याच सूचीचे अपत्य होय. त्याचे गणित सोपे आहे: समजा, एखाद्या नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० निबंध छापले आणि २०२४ मध्ये त्या निबंधांचे एकूण ३०० उल्लेख झाले, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर दीड ठरतो. ही सरासरी नियतकालिकाची असते, निबंधाची नव्हे आणि लेखकाची तर नव्हेच. त्या २०० पैकी थोड्याच निबंधांनी बहुतेक उल्लेख मिळवलेले असतात आणि कित्येकांच्या वाट्याला एकही उल्लेख आलेला नसतो. मुळात ग्रंथालयाने कोणती नियतकालिके विकत घ्यावीत अशा कामांसाठी उपयोगी पडलेला हा आकडा पुढे माणसे निवडण्यासाठी वापरला गेला आणि तिथून त्याची अप्रतिष्ठा सुरू झाली. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नेमणूक, बढती व अनुदान ठरवताना तो वापरू नये असे स्पष्ट सांगितले आणि जगभरच्या अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या, तरी निवड समित्यांच्या टेबलावरून तो अजून पुरता हटलेला नाही.

सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात हा आकडा लहान राहतो याची कारणे या अभ्यासाच्या स्वभावातच आहेत. पहिले कारण म्हणजे उल्लेख करणारे हातच थोडे असतात: कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधकांच्या तुलनेत खवल्या मांजरावर किंवा भेकरावर काम करणारे मूठभर, त्यामुळे उत्तम निबंधालाही उल्लेख मिळून मिळणार किती? दुसरे कारण दोन वर्षांच्या चौकटीचे. हत्तिणीचा गर्भकाळच सुमारे बावीस महिन्यांचा असतो, तेव्हा हत्तींच्या कळपातील जन्म-मृत्यूंवर आज छापलेल्या निबंधाला प्रत्यक्ष निरीक्षणांनी उत्तर देणारा पुढचा निबंध दोन वर्षांत यावा ही अपेक्षाच गैर आहे. अशा निबंधांना वीस-वीस वर्षे वाचक मिळत राहतात, पण तोवर हिशेबाची वही बंद झालेली असते. तिसरे कारण वर्गीकरणशास्त्राचे, म्हणजे जाती ओळखून त्यांना नावे देण्याच्या शास्त्राचे आहे. या शास्त्रात जातीच्या नावापुढे प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव व वर्ष लिहिण्याचा प्रघात आहे, जसे वाघाच्या शास्त्रीय नावापुढे लिनियस, १७५८. परंतु मूळ ग्रंथ संदर्भसूचीत सहसा दिला जात नसल्यामुळे त्याची सायटेशन म्हणून नोंद होत नाही. ज्याच्या कामावर पुढचे सारे उभे असते, त्याच्याच खात्यावर शून्य जमा होते. २०२० मध्ये तर इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीने प्राणिवर्गीकरणातील सर्वात मोठ्या नियतकालिकांपैकी एक असलेल्या ‘झूटॅक्सा’ला, त्याचे निबंध स्वतःच्याच जुन्या निबंधांचा फार उल्लेख करतात या कारणाने, इम्पॅक्ट फॅक्टरच्या यादीतून वगळले. नव्या जातींची वर्णने ज्या नियतकालिकात सर्वाधिक छापली जातात त्याचाच उल्लेख वारंवार होणार, हे जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला.

एवढे समजले तरी एक खरा असमतोल उरतोच आणि विद्यार्थ्याने तो डोळसपणे पाहिला पाहिजे. जगात सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार जाती मानल्या जातात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती उंदीर-घुशी व वटवाघळांच्या गणांतील आहेत. परंतु निधी, प्रसिद्धी व उल्लेख यांचा मोठा वाटा वाघ, बिबट्या, हत्ती अशा मोठ्या प्राण्यांकडे जातो. पुण्याजवळच्या सिंहगडावर सापडणारा ‘कोंडाणा’ नावाचा मऊ केसांचा उंदीर १९७५ मध्ये शास्त्राला ज्ञात झाला. तो संकटग्रस्त मानला जातो, गडावर सुट्टीच्या दिवशी पिठले-भाकरी खाणाऱ्या हजारोंच्या पायांखालच्या गवतात तो राहतो आणि तरीही त्याच्यावरचे संशोधन ओंजळीत मावेल एवढेच आहे. त्याच्यावर पीएच.डी. करणाऱ्याला फार उल्लेख मिळणार नाहीत हे उघड आहे, मात्र दहा वर्षांनी त्या उंदराविषयी काही विचारायचे झाल्यास जगात त्याच्याशिवाय दुसरे दार नसेल हेही तितकेच उघड आहे. शिवाय वारे बदलते. वटवाघळे हा एके काळी हौशी व हट्टी माणसांचा विषय मानला जात असे. कोविडच्या साथीनंतर त्याच विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले, आणि महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडे सापडल्याचा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा निबंध २०२१ मध्ये आला तेव्हा त्याची दखल वर्तमानपत्रांनीही घेतली. वाऱ्याची दिशा पाहून विषय निवडणाऱ्याचे मात्र बहुधा फसते, कारण एम.एस्सी.पासून पीएच.डी.पर्यंत सात-आठ वर्षे जातात आणि तेवढ्यात वारे पुन्हा फिरलेले असते.

या क्षेत्रात सर्वाधिक उल्लेख कशाला मिळतात, याचे उत्तर बहुतेक पालकांना अनपेक्षित वाटेल: प्राण्यांविषयीच्या निबंधांपेक्षा मोजण्याच्या पद्धतींविषयीच्या निबंधांना. वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्लास कारंथ यांनी १९९५ मध्ये नागरहोळेच्या जंगलातील वाघांची संख्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, आधारे काढणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील युक्ती अशी की, प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे निराळे असतात आणि दोन्ही कुशींवरचे पट्टेही एकसारखे नसतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा समोरासमोर बांधायचा, वाघ मधून गेला की दोन्ही कुशींची छायाचित्रे मिळतात, आणि आधी ओळखलेले वाघ नंतरच्या दिवसांत किती वेळा पुन्हा दिसतात यावरून एकदाही न दिसलेल्यांची संख्या संख्याशास्त्राने अंदाजता येते. पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी रीत मागे पडून ही पद्धत देशाच्या व्याघ्रगणनेचा कणा बनली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे मिळाली, त्यांपैकी वाघांची होती फक्त ७६,६५१. उरलेल्या कोट्यवधी चित्रांतून चितळ, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत वेगळे काढणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ते काम आता संगणकाला शिकवले जाते. एखाद्या ठिकाणी प्राणी दिसला नाही म्हणजे तो तिथे नाहीच असे न मानता ‘असूनही न दिसण्याची’ शक्यता हिशेबात धरणारी, २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत, किंवा उपलब्ध नोंदींवरून प्राण्याला साजेसा अधिवास नकाशावर दाखवणारे २००६ मधील मॅक्सेंट हे तंत्र, यांचे उल्लेख जगभर हजारोंनी झाले आहेत. हवेत तरंगणाऱ्या डीएनएवरून प्राणिसंग्रहालयातील प्राणी ओळखता येतात असे डेन्मार्क व इंग्लंडमधील दोन गटांनी २०२२ मध्ये दाखवले, ती या प्रवाहाची पुढची लाट.

या साऱ्यातून निघणारा व्यावहारिक सल्ला एकच आणि तो अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच उपयोगी पडतो: गणित सोडू नये. ‘बायोला गणित कशाला’ हे आपल्याकडचे पालुपद परिसरशास्त्राच्या बाबतीत, म्हणजे सजीव व त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांच्या शास्त्रात, साफ खोटे ठरले आहे. संख्याशास्त्र, ‘आर’ ही संगणकीय भाषा आणि नकाशांवर काम करण्याचे जीआयएस तंत्र येत असलेल्या पदवीधराला प्रकल्प सहायकाचे काम मिळण्याची शक्यता, केवळ जंगलाची आवड असलेल्या पदवीधरापेक्षा कितीतरी अधिक असते, आणि पुढे जंगल सोडावेसे वाटले तरी ही कौशल्ये आरोग्य, शेती वा विमा क्षेत्रात पोट भरू शकतात.

पद्धतीइतकेच महत्त्व प्रश्नाला असते आणि चांगला प्रश्न घराजवळही सापडू शकतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या कामावरून दिसते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, ऊस आणि वस्त्यांच्या मधोमध, अभयारण्याबाहेर बिबटे व तरस स्थायिक होऊन राहतात हे त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या मुक्त नियतकालिकात पुराव्यानिशी मांडले. त्याच भागातील आहाराच्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. ‘प्लॉस वन’ हे उच्चभ्रू नियतकालिक मानले जात नाही. तरीही, मोठे मांसाहारी प्राणी जंगलातच राहतात हे गृहीतक या कामाने हलवले आणि त्याचा उल्लेख भारताबाहेरही होत राहिला.

व्यक्तीच्या मूल्यमापनासाठी वापरला जाणारा दुसरा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला. ज्याच्या किमान दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळाले आहेत, त्याचा एच-इंडेक्स किमान दहा. हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो आणि कधी कमी होत नाही, त्यामुळे ज्येष्ठ प्राध्यापकाचा मोठा एच-इंडेक्स पाहून गाइड निवडणे म्हणजे पिकलेले केस पाहून डॉक्टर निवडणे झाले. त्याऐवजी गाइडच्या मागील पाच-सहा विद्यार्थ्यांचे निबंध उघडावेत, त्यांत विद्यार्थ्याचे नाव पहिले आहे की नाही, म्हणजे श्रेय ज्याचे त्याला मिळाले की नाही हे पाहावे, ते विद्यार्थी आज कुठे आहेत हे शोधावे आणि शक्य तर त्यांच्याशी फोनवर बोलावे.

पालकांनी खरी काळजी करावी अशी गोष्ट वेगळीच आहे. पैसे घेऊन, तपासणीचा देखावा करून आठवड्याभरात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास ‘प्रिडेटरी’, म्हणजे भक्षक, असे नाव दिले आणि भारत ही त्यांची मोठी बाजारपेठ राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली, २०१९ मध्ये ‘केअर’ ही नवी यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निर्णय संस्थांवर सोपवला. दरम्यान २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची अटही गेली. म्हणजे घाईने कुठेतरी छापून घेण्याचे सबब म्हणून सांगितले जाणारे मुख्य कारण आता उरलेले नाही. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक भक्षक नसते, कारण वाचकाला मोफत देणारी अनेक प्रतिष्ठित नियतकालिके खर्च लेखकाकडून घेतात; पण ‘तीन दिवसांत स्वीकृती’ असे आमंत्रण देणारा ईमेल आला तर तो सरळ डिलीट करावा.

शिक्षणाच्या वाटा मोजक्या आहेत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील वन्यजीव विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम, त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेचे परिसरविज्ञान केंद्र आणि देशभरच्या आयसर संस्था ही ठळक नावे. यांतील जागा थोड्या व स्पर्धा कडवी असते. प्राणिशास्त्रात साधी बी.एस्सी. करूनही गेट परीक्षेतील परिसरशास्त्र व उत्क्रांतीचा पेपर, किंवा एम.एस्सी.नंतर जीवनविज्ञानातील सीएसआयआर-यूजीसी नेट, यांतून पुढे जाता येते; नेटद्वारे मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे भत्ता अशी आहे आणि दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. पीएच.डी.नंतर कायमच्या जागा कमी असतात, त्या मिळेपर्यंत तिशी उलटते, आणि वनखात्याची परवानगी यायला लागणारे महिने कोणत्याही वेळापत्रकात धरलेले नसतात. हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

पहिला निबंध कुठे द्यावा, याची चिंता तुलनेने लहान आहे. मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघते आणि त्यातील संकीर्ण टिपणांच्या विभागात एखाद्या प्राण्याची नवी नोंद वा अनोखे वर्तन दोन-तीन पानांत मांडता येते. कोइंबतूरहून निघणारे ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ वाचकांना मोफत असून तेही अशा छोट्या नोंदी छापते. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याने आपल्या गावच्या लेण्यांतील वटवाघळांची वर्षभराची नोंद अक्षांश-रेखांश, तारीख, उंची आणि छायाचित्रांसह नीट लिहून पाठवली, परीक्षकांच्या लाल शेऱ्यांनी भरून परत आलेला मजकूर दोनदा-तीनदा दुरुस्त केला आणि शेवटी तो छापून आला, तर एम.एस्सी.च्या मुलाखतीत निवड समितीला विचारायला भरपूर काही मिळते.