काळ्या पट्ट्या राहू द्या

सानगडीत मोठ्या टीव्हीचं आता कोणाला नवल राहिलेलं नाही. साकोलीहून खोकं येतं, टीव्ही भिंतीवर चढतो आणि पहिल्याच रात्री सिनेमा लागला की घरातलं कोणीतरी विचारतं, "वरचा-खालचा भाग बंद आहे का जी?" शेजाऱ्यापाजाऱ्यांचे टीव्ही लावून देता देता या प्रश्नाबद्दल जे समजलं, ते इथे लिहितो.

1. पट्टी दिसली म्हणून टीव्ही परत नेऊ नका.
शंका असेल तर टेप घेऊन मोजा. 43 इंची टीव्हीचा पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि 53.5 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे 16 ला 9. आजचे बरेच सिनेमे मात्र उंचीच्या 2.39 पट रुंद असतात. 95 सेंटिमीटर रुंदीत असं चित्र अख्खं बसवायचं तर त्याला उंची 40 सेंटिमीटरच मिळते. उरलेली जागा वर 7 आणि खाली 7 सेंटिमीटर. पडद्याचा पाव भाग काळा राहतो, पण सिनेमा पूर्ण दिसतो.

2. सिनेमा आधी आखूड होता, मग रुंद झाला.
दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा फिल्मवरची चौकट 4 ला 3 अशी, जवळपास चौरसच होती. पुढे टीव्हीनेही तोच आकार घेतला. अमेरिकेत प्रेक्षक घरी बसून टीव्ही पाहू लागले, तेव्हा त्यांना थिएटरात परत आणायला सिनेमावाल्यांनी पडदा रुंद केला. 1953 साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. त्यामागे आंरी क्रेतियां या फ्रेंच संशोधकाचं भिंग होतं. कॅमेऱ्यावरचं भिंग रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी दाबून साध्या फिल्मवर बसवतं आणि प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा पसरवतं. आपल्याकडे हे तंत्र आणलं गुरुदत्तनं, 1959 च्या 'कागज के फूल'मध्ये.

3. 16 ला 9 हा मधला मार्ग आहे.
जुना चौकोनी सिनेमा आणि नवा रुंद सिनेमा, दोन्ही एकाच पडद्यावर कमीत कमी जागा वाया घालवून बसावेत, म्हणून टीव्हीला हा आकार दिला गेला. त्यामुळे रुंद सिनेमाला वर-खाली पट्ट्या येतात आणि जुन्या सिनेमाला डावी-उजवीकडे. ज्याच्यावर कधीच पट्टी येणार नाही असा टीव्ही निघणार नाही, कारण सगळे सिनेमे एका मापाचे नाहीत.

4. खरं नुकसान झूमचं बटण करतं.
हे मला सगळ्यात जास्त टोचतं. झूम दाबलं की पडदा भरतो आणि घरात सगळ्यांना बरं वाटतं. पण 2.39 चं चित्र 16 ला 9 मध्ये भरताना दोन्ही बाजू मिळून पाव चित्र कापलं जातं. 'कागज के फूल'मधला रिकाम्या, अंधाऱ्या स्टुडिओचा प्रसंग आठवा. वरून प्रकाशाचा झोत उतरतो, गुरुदत्त आणि वहीदा रहमान एकमेकांपासून दूर उभे असतात. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी त्या दोघांमधलं अंतर दाखवायला अख्खी रुंदी वापरली आहे. बाजू कापल्या की ते अंतर लहान होतं आणि प्रसंगाचं दुःखही. झाडीपट्टीच्या नाटकात विंगेजवळ उभ्या असलेल्या नटांवर कोणी पडदा ओढला, तर आपण मंडपात गप्प बसू का?

5. भरलेल्या पडद्याची सवय कापलेल्या सिनेमांनीच लावली.
जुन्या चौकोनी टीव्हीवर रुंद सिनेमा पूर्ण दाखवायचा तर 44 टक्के पडदा काळा राहायचा. म्हणून चॅनलवर आणि भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पुष्कळदा बाजू छाटलेली प्रत यायची. दोघं बोलत असले तर एकाचं नुसतं नाक दिसायचं. आमच्या पिढीनं अनेक सिनेमे असेच पाहिले आणि पूर्ण पाहिले असंच मानलं. ते आता मूळ मापात पुन्हा पाहावेत, नवे वाटतात.

6. जुना सिनेमा ताणू नका.
आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' 1953 चा, म्हणजे चौकोनी मापाचा. तो ओढून पडदाभर केला की प्रत्येक माणूस तिसऱ्या हिश्श्यानं रुंद होतो. श्यामची आई धिप्पाड दिसू लागली तर ती गोष्ट मनाला कशी भिडणार? ओळखायची खूण सोपी आहे. चित्रात ताट, चाक, चंद्र असं काही गोल शोधा. ते लंबगोल दिसलं तर सेटिंग चुकलं.

7. चारही बाजूंनी काळं दिसलं तर मात्र झूम करा.
काही चॅनल जुन्या चौकोनी मापात, पट्ट्यांसकट साठवलेली प्रत दाखवतात. तिला नव्या टीव्हीवर बाजूच्याही पट्ट्या येतात आणि सिनेमा मधोमध पाकिटाएवढा दिसतो. इथे बेतानं मोठं केलं तर काहीच कापलं जात नाही.

8. मोबाइलवर उलटं होतं.
20 ला 9 चा फोन आडवा धरला की रुंद सिनेमा जवळपास पूर्ण बसतो आणि मालिकेला बाजूच्या पट्ट्या येतात. दोन बोटांनी चित्र पसरवलं की डोकी कापली जातात. पोरांना हे सांगावं.

9. पट्टी खुपत असेल तर ट्यूबलाइट बंद करा.
स्वस्त एलईडी टीव्हीत काळा रंग करडा दिसतो, कारण मागचा दिवा जळतच असतो. ब्राइटनेस आणि बॅकलाइट थोडे उतरवा, खोलीत अंधार करा, खुर्ची जरा पुढे घ्या. थोड्या वेळानं पट्टी जाणवत नाही, लक्ष चित्रावर राहतं.

10. रिमोट दोन असतात.
सेट-टॉप बॉक्समध्ये मापाचं एक सेटिंग असतं आणि टीव्हीत दुसरं. दोन्हीकडे ताणलं असेल तर एक दुरुस्त करून भागत नाही. बॉक्सवर 16:9 ठेवा. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'ओरिजिनल', 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं जे नाव असेल ते निवडा. यूएसबी किंवा दुसऱ्या एचडीएमआयसाठी बहुतेक टीव्हीत हे वेगळं करावं लागतं. दोन मिनिटांचं काम आहे, आज रात्री सिनेमा लावायच्या आधी करून टाका आणि शेजारच्या घरीही करून द्या.